म्यान-होल्स्टरची शीट एका बाजूला जास्त तापते, दुसरीकडे कडकच राहते: दोष कुठे शोधायचा

कायडेक्स या प्लास्टिकची शीट ओव्हनमध्ये मऊ करायची आणि फोम लावलेल्या प्रेसमध्ये पात्यावर दाबायची, की म्यान तयार. पण म्यानाच्या मुखाशी पात्याची कड अगदी रेखीव उठलेली असते आणि टोकाकडे सगळं गोलसर, पुसट. पुढच्या वेळी आच थोडी वाढवावी, तर टोक सुधारतं, पण मुखाशी शीट चकचकीत होऊन पातळ पडते. शीट तीच, प्रेस तोच, हातही तेच. तरी दर वेळी दोन टोकांचं भांडण.

हा दोष मी स्वतःच्या कामात आणि इतरांच्या ओव्हनमध्ये इतक्या वेळा काढला आहे, की आधी कशाला हात लावायचा आणि नंतर कशाला, याचा क्रम आता ठरून गेला आहे. तोच इथे देत आहे. सुरुवात फुकटच्या तपासण्यांनी, शेवट कॉइल आणि थर्मोस्टॅटने. बहुतेकांना शेवटपर्यंत जावं लागत नाही.

पुढचं सगळं कायडेक्स आणि त्याच्या जातीच्या शीटबद्दल आहे. कायडेक्स म्हणजे पीव्हीसी आणि अ‍ॅक्रिलिक यांचं मिश्रण. 1965 साली ते विमानांच्या आतल्या भागांसाठी बाजारात आलं, म्यानं आणि होल्स्टर (पिस्तुलाची म्यानं) त्याची फार नंतर होऊ लागली. आपल्या कामात शीटची जाडी साधारण 1.5 ते 3.2 मि.मी. असते आणि ती 160 ते 175 अंश सेल्सिअसला चांगली वळते. 200 च्या पुढे पीव्हीसीचं विघटन सुरू होण्याचा धोका असतो. म्हणजे आपल्याला खेळायला जागा फार थोडी. शीटच्या दोन कोपऱ्यांत तीस अंशांचा फरक असेल तर एक कोपरा नक्कीच बिघडणार, तापमान काहीही लावा.

आधी लक्षणं

बिघडलेला तुकडा फेकू नका. उजेडात तिरका धरून नीट बघा.

- वळणावर पांढुरके चरे किंवा बारीक तडे: त्या जागी शीट थंड असताना वाकवली गेली.
- ठसा उठला, पण कडा गोल आणि खाचा उथळ: तिथे शीट मऊ झाली होती, पण दाब बसेपर्यंत निवली, किंवा आतून पुरती तापलीच नव्हती.
- मूळचा खरखरीत पोत जाऊन चमक आली, बोट लावल्यास तो भाग पातळ जाणवतो: तिथे जास्त तापली.
- फोड, तपकिरी डाग, घशाला लागणारा उग्र वास: हे जास्त तापण्याच्याही पुढचं आहे. तिथेच थांबायचं. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.
- प्रेसमधून काढल्यावर ठीक, पण दुसऱ्या दिवशी तोंड उघडलेलं: आतला थर थंड होता, किंवा प्रेस लवकर उघडला.
- एका पृष्ठभागावर जाळीचे ठसे, दुसरा स्वच्छ: खालून आणि वरून मिळणारी उष्णता वेगळी.
- पातं मुखाशी गच्च बसतं आणि टोकाशी खुळखुळतं.

आता महत्त्वाचं. एकाच तुकड्यावर दोन उलटी लक्षणं असतील, म्हणजे एका जागी चमक आणि दुसऱ्या जागी पुसट कडा, तरच तुमचा दोष असमान तापण्याचा आहे. संपूर्ण तुकडा पुसट असेल तर शीट सगळीकडेच कमी तापली. तिला अजून वेळ द्या, पुढची शोधाशोध करायची गरज नाही.

शीट उष्णता वाटून घेत नाही

हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या सगळ्या तपासण्यांचा अर्थ लागतो. लोखंडी तवा एका बाजूने तापवला तर थोड्या वेळात सगळा तापतो. प्लास्टिकचं तसं नाही. त्यातून उष्णता फार संथ सरकते, आणि अंतर दुप्पट झालं की लागणारा वेळ चौपट होतो.

ढोबळ हिशोब करून बघा. 2 मि.मी. शीट दोन्ही बाजूंनी तापत असेल तर उष्णतेला मध्यापर्यंत फक्त 1 मि.मी. जायचं असतं. त्याला 10 सेकंदांच्या आसपास लागतात. एकाच बाजूने तापत असेल तर अंतर 2 मि.मी., म्हणून 40 सेकंद. आता तीच उष्णता शीटच्या आतल्या आत 5 सें.मी. बाजूला जायची असेल तर? अंतर 50 पट, वेळ 2500 पट, म्हणजे सात तासांच्या आसपास.

आपली शीट ओव्हनमध्ये असते तीन-चार मिनिटं. म्हणजे ज्या जागी जितकी आच पडली तितकीच तिथे राहते, शेजारची जागा तिला मदत करत नाही. उष्णतेची वाटणी ओव्हनलाच करावी लागते. "थोडं जास्त तापवलं की आपोआप सारखं होईल" ही समजूत इथे कामाची नाही. भडक आचेने फरक वाढतो. बेताची आच आणि जास्त वेळ दिला, तर मागे राहिलेल्या जागा पुढे गेलेल्या जागांना गाठतात, कारण पुढे गेलेल्यांना आणखी वर जायला वावच उरत नाही.

फुकटच्या तपासण्या

शीटवर संरक्षक फिल्म राहिली आहे का, बघा. पारदर्शक फिल्म एका बाजूला शिल्लक असली तर ती सहज नजरेतून सुटते, आणि तापल्यावर आकसून शीटला सुरकुत्या पाडते. नख लावून कोपरा उचकटून बघा.

मग जाडी मोजा. कॅलिपरने चारही कोपरे आणि मध्य. तुकडे वेगवेगळ्या शीटचे असतील तर एखादा 2 मि.मी. आणि एखादा 2.4 मि.मी. निघतो. हाताला तो फरक कळत नाही, ओव्हनला कळतो. घडीच्या, म्हणजे शीट दुमडून केलेल्या, म्यानाला एकच तुकडा लागतो, पण दोन तुकड्यांच्या म्यानात पुढचा आणि मागचा वेगळ्या जाडीचे असतील तर एकाच वेळेत ते एकसारखे तापणार नाहीत.

ओव्हन आधी किती वेळ तापवता? दिवा विझला म्हणजे ओव्हन तयार, असं नाही. दिवा फक्त सेन्सरभोवतालची हवा तापल्याचं सांगतो. भिंती, जाळी आणि ट्रे तेव्हा थंडच असतात, आणि शीटकडे येणाऱ्या उष्णतेत भिंतींचा वाटा मोठा असतो. मी पूर्ण 20 मिनिटं देते आणि त्या वेळात दार उघडत नाही. एवढ्या एका बदलाने दोष गेलेले ओव्हन मी पाहिले आहेत.

शीट कधी आत घालता, हेही बघा. ओव्हनचा थर्मोस्टॅट कॉइल एकतर पूर्ण चालू करतो किंवा पूर्ण बंद. लालबुंद कॉइलखाली शीट सरकवली तर पहिलं अर्धं मिनिट ती थेट झळीत शेकते, आणि झळ कॉइलच्या खालीच जास्त असते. कॉइल लाल होऊन विझू द्या आणि विझल्याबरोबर शीट आत घाला.

खूण करून फिरवा

ही तपासणीही फुकटच, पण मी तिला सगळ्यांत जास्त मानते. दोष ओव्हनचा, प्रेसचा की शीटचा, हे हिच्यावाचून ठरत नाही, आणि ते ठरल्याशिवाय केलेला प्रत्येक खर्च अंदाजपंचे असतो.

चौकोनी तुकडा घ्या आणि एका कोपऱ्यात खिळ्याने बारीक फुली ओरखडा. पेनाची खूण उष्णतेने पसरते, ओरखडा टिकतो. पहिला तुकडा फुली ओव्हनच्या मागच्या डाव्या कोपऱ्याकडे ठेवून तापवा आणि प्रेसमध्ये फुली तुमच्या उजव्या हाताकडे ठेवून दाबा. दुसरा तुकडा ओव्हनमध्ये अर्धा फेरा फिरवून ठेवा, म्हणजे फुली पुढच्या उजव्या कोपऱ्याकडे येईल. प्रेसमध्ये मात्र फुली पहिल्यासारखीच उजव्या हाताकडे. आता दोन्ही तुकडे शेजारी ठेवून बघा.

दोष फुलीच्या संदर्भात दुसऱ्या टोकाला गेला असेल तर तो ओव्हनमध्ये आहे. दोन्ही तुकड्यांत फुलीच्या संदर्भात त्याच जागी असेल तर प्रेस किंवा शीट. मग तिसरा तुकडा घ्या, ओव्हनमध्ये पहिल्यासारखाच ठेवा आणि प्रेसमध्ये, पात्याची जागा न हलवता, तुकडाच फिरवून दाबा. दोष प्रेसच्या त्याच बाजूला राहिला तर प्रेस, तुकड्याबरोबर फिरला तर शीट.

एका लांब पात्याच्या म्यानाने माझे यात बरेच महिने खाल्ले. टोक दर वेळी पुसट येई. माझी खात्री होती की फोम दबला आहे, म्हणून फोम बदलला, मग प्रेसच्या फळ्या बदलल्या, मग दोन क्लॅम्प वाढवले. फरक शून्य. शेवटी फुलीची चाचणी केली आणि दोष दुसऱ्या टोकाला गेला. म्हणजे प्रेस पहिल्यापासून निर्दोष होता आणि ओव्हनच्या पुढच्या भागात शीट तापतच नव्हती.

उलटही घडतं. फोम वापरून वापरून एका जागी कायमचा दबतो, आणि तिथला पुसट ठसा हुबेहूब कमी तापल्यासारखा दिसतो. फोमवर सपाट पट्टी उभी धरून खालून उजेड येतो का बघा. येत असेल तर फोम उलटा करा किंवा बदला. ओव्हनला हात लावू नका.

थोड्या खर्चाच्या तपासण्या

ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. त्यात वीस-तीस अंशांची चूक मला सर्रास सापडते. जाळीवर ठेवायचा साधा ओव्हन थर्मामीटर घ्या आणि शीट जिथे ठेवता त्याच उंचीवर ठेवा. कॉइल चालू-बंद होण्याच्या तीन-चार फेऱ्या बघा आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त आकडा लिहून ठेवा. तुमचं खरं तापमान या दोहोंच्या मध्ये असतं.

इन्फ्रारेड थर्मामीटर (न टेकवता दुरून तापमान मोजणारा) असेल तर उत्तम, पण तो कसा वाचायचा हे कळायला हवं. बहुतेक उपकरणांत उत्सर्जकता, म्हणजे पृष्ठभाग किती जोराने उष्णता बाहेर फेकतो याचा आकडा, 0.95 वर ठेवलेली असते. ती प्लास्टिकच्या पृष्ठभागाला चालते, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमला नाही. चमकता ट्रे मोजलात तर आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी येईल आणि तुम्ही घाबरून आच वाढवाल. दुसरी गोष्ट, लाल ठिपका बारीक दिसला तरी मोजलं जाणारं वर्तुळ त्याहून मोठं असतं. 12:1 लिहिलेलं उपकरण 24 सें.मी. वरून 2 सें.मी. वर्तुळाची सरासरी देतं, 60 सें.मी. वरून 5 सें.मी. ची. जवळून मोजा.

त्याच उपकरणाने आतला थर तापला की नाही याचाही अंदाज येतो. शीट बाहेर काढल्याबरोबर वाचन घ्या आणि पाच सेकंदांनी त्याच जागी पुन्हा घ्या. 2 मि.मी. ची नीट तापलेली शीट साध्या हवेत सेकंदाला साधारण एक ते दीड अंश उतरते. पाच सेकंदांत पंधरा-वीस अंश उतरले तर समजा की फक्त कातडं तापलं होतं आणि आतला थर ती उष्णता ओढून घेतो आहे. मग शीट उलटी करून मागच्या पृष्ठभागाचं वाचन घ्या. वरखाली मोठा फरक असेल तर शीट एकाच बाजूने तापते आहे.

नऊ पट्ट्यांचा नकाशा

उपकरण नसेल तरी ओव्हनचा नकाशा काढता येतो, आणि माझ्या मते तो उपकरणापेक्षा खरा असतो, कारण त्यात शीट स्वतःच बोलते.

कामाच्याच शीटमधून 2 सें.मी. रुंद आणि 8 सें.मी. लांब अशा नऊ पट्ट्या कापा. सगळ्या एकाच दिशेने कापा. शीट बनवताना ती एका दिशेने ओढली जाते आणि तापल्यावर त्या दिशेने जास्त आकसते, म्हणून दिशा मिसळली तर निकाल मिसळतो. जाळीवर मागे, मध्ये आणि पुढे अशा तीन ओळींत अडीचेक सें.मी. उंचीच्या धातूच्या चौकोनी नळ्या आडव्या ठेवा. प्रत्येक नळीवर तीन पट्ट्या अशा ठेवा की 3 सें.मी. नळीवर आणि 5 सें.मी. हवेत. नळीवरच्या टोकावर एकेक नट वजन म्हणून ठेवा. ओव्हन आधी पूर्ण तापलेला हवा. दार लावा, काचेतून बघत राहा आणि घड्याळ चालू ठेवा.

पट्ट्या एकेक करून मान टाकू लागतात. कोणती कधी झुकली ते लिहा. माझ्या त्या ओव्हनमध्ये मागची डावी पट्टी 1 मिनिट 50 सेकंदांनी पूर्ण लोंबली. तेव्हा पुढची उजवी फळीसारखी ताठ होती आणि ती तीन मिनिटं उलटून गेल्यावर हलली. इतके महिने मला छळणारं सगळं त्या एका दृश्यात होतं. दाराच्या रबरी पट्टीला खालच्या कोपऱ्यात चीर गेली होती आणि नेमकी तिथूनच गरम हवा निसटत होती.

नकाशा हातात आला की उपाय सोपे आहेत, आणि त्यांचाही क्रम आहे.

पहिला: ज्या जागांच्या वेळा एकमेकींच्या जवळ आहेत तेवढ्याच भागात काम करा. बहुतेक छोट्या ओव्हनमध्ये मधला भाग बरा असतो आणि भिंतींपासून चार-पाच सें.मी. ची पट्टी वाईट. तुमचा तुकडा त्या वाईट पट्टीत जात असेल तर तो कापून लहान करा, किंवा ओव्हन लहान आहे हे मान्य करा. लांब म्यानाला छोटा ओव्हन पुरत नाही, आणि त्यावर युक्तीने मात करता येत नाही.

दुसरा: तापमान उतरवा. शीट 165 ला हवी असेल तर ओव्हनची खरी हवा 170 ते 175 ठेवा आणि वाट बघा. 220 वर ठेवून लवकर बाहेर काढण्याची सवय असेल तर ती सोडा. भडक ओव्हनमध्ये शीट वर चढत असतानाच बाहेर येते, आणि त्या क्षणी प्रत्येक कोपरा वेगळ्या पायरीवर असतो.

तिसरा: झळीला आडोसा करा. वरच्या कॉइलखाली, शीटच्या वरच्या खणात, अ‍ॅल्युमिनियमचा पातळ ट्रे पालथा ठेवा. खालच्या कॉइलवरही तसाच. कडेने हवा फिरायला 2-3 सें.मी. फट सोडा. आता शीटला कॉइल दिसतच नाही, तिला फक्त गरम हवा आणि ट्रेची पसरलेली ऊब मिळते. वेळ थोडा वाढेल. ट्रे कॉइलला टेकू देऊ नका.

चौथा: अर्ध्या वेळेला शीट अर्धा फेरा फिरवा आणि उलटीही करा. हे चटकन करायचं, दार उघडं ठेवून विचार करत बसायचं नाही. जाळीचे ठसे येत असतील तर जाळीवर सिलिकॉनची पातळ चटई किंवा टेफ्लॉनचं कापड घाला. जाड थंड ट्रेवर शीट ठेवू नका, तो खालची सगळी उष्णता स्वतः खातो.

तापण्याच्या सुरुवातीला शीट किंचित वेडीवाकडी होते, कोपरे उचलते. घाबरून बाहेर काढू नका. ती पुन्हा सपाट बसली की मऊपणा जवळ आला. लाकडी काडीने कोपरा उचलून बघा. भिजलेल्या चामड्यासारखा लोंबायला हवा, चारही कोपरे सारखेच. एक जरी कोपरा फळीसारखा उचलला गेला तर अजून वेळ द्या.

ओव्हनपासून प्रेसपर्यंत

ओव्हन निर्दोष असूनही दोष राहतो तेव्हा तो या दोन पावलांत असतो. वर सांगितलेला सेकंदाला एक-दीड अंश आठवा. दहा सेकंद शोधाशोध केली तर दहा-पंधरा अंश गेले, आणि तेही सगळीकडून सारखे नाहीत. ज्या कडेला तुम्ही शीट धरली ती कड, आणि थंड टेबलाला टेकली ती बाजू, आधी निवते. प्रेस ओव्हनच्या शेजारी, उघडा, पातं जागेवर टेप लावून तयार, क्लॅम्प सैल. शीट काढल्यापासून दाब बसेपर्यंत आठ सेकंदांच्या आत. कोरड्या सरावाने हे सहज जमतं.

पातं थंडगार असेल तर ते स्पर्शाबरोबर शीटचा पृष्ठभाग गोठवतं आणि जाड कण्याजवळ ठसा पुसट येतो. पातं हाताला कोमट लागेल इतपतच गरम करा. ओव्हनमध्ये मात्र कधीही घालू नका. कित्येक पोलादांचं पाणी दीडशे अंशांच्या पुढे उतरू लागतं, आणि मूठही बिघडते.

प्रेस किमान दहा मिनिटं बंद ठेवा. फोम उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे आतली शीट तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच उशिरा थंड होते. घाईने उघडलं की म्यानाचं तोंड हळूहळू उघडत जातं.

हीट गनबद्दल

संपूर्ण शीट हीट गनने तापवून म्यान करू नका. नळीच्या तोंडाशी हवा पाचशे-सहाशे अंशांपर्यंत जाते, ती एका ठिपक्यावर पडते आणि एकाच बाजूने. असमान तापण्याची सगळी कारणं त्यात एकत्र येतात. गन दुरुस्तीला ठेवा: मुखाची कड किंचित उघडायला, एखादा पट्टा वळवायला. दहा-पंधरा सें.मी. वरून, सतत हलवत, दोन्ही बाजूंनी. आणि हे लक्षात ठेवा की या शीटला तिचा मूळ सपाट आकार आठवतो. जिथे पुन्हा तापेल तिथे ती सपाट व्हायला बघते, म्हणून शेजारचा ठसा ओल्या कापडाने झाकून वाचवावा लागतो.

मोठ्या खर्चाचे उपाय

वरचं सगळं करूनही नऊ पट्ट्यांच्या वेळांत मोठा फरक राहत असेल तर ओव्हनची मर्यादा आली. पंख्याचा ओव्हन घेतला तर हवा फिरत राहते आणि कोपऱ्यांतला फरक बराच कमी होतो. रोज काम असेल तर दोन्ही फळ्या तापणारा हीट प्रेस सगळ्यांत चांगला, कारण शीटला दोन्ही बाजूंनी थेट स्पर्श मिळतो. मात्र फळ्या हलक्याच टेकवायच्या. दाबल्या तर पोत चिरडतो. मध्ये टेफ्लॉनचं कापड हवंच. फक्त वरची फळी तापणारा प्रेस असेल तर शीट अर्ध्या वेळेला उलटी करा. फळीचाही नकाशा काढा. कडांना ती मध्यापेक्षा थंड असते, म्हणून तुकडा मध्यावर ठेवा.

इथे थांबा

ओव्हन फक्त याच कामाचा ठेवा. त्यात पुन्हा कधी अन्न नाही. काम उघड्या खिडकीशी किंवा बाहेर हवा फेकणाऱ्या पंख्याखाली करा.

उग्र, नाकाला झोंबणारा वास आला तर पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड सुटतो आहे. ओव्हन बंद करा आणि दार लगेच उघडून आत डोकावू नका. खोलीतून बाहेर पडा, हवा खेळू द्या. खोकला थांबत नसेल किंवा श्वासाला त्रास होत असेल तर डॉक्टरांकडे जा आणि पीव्हीसीचा धूर गेल्याचं स्पष्ट सांगा. शीट कशाची आहे हे माहीत नसेल तर ती तापवूच नका, आणि ओळखण्यासाठी जाळूनही बघू नका.

ओव्हनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, एमसीबी पडू लागला, वायर जळाल्याचा वास आला, किंवा कॉइल विझायचं नावच घेत नसेल आणि तापमान चढतच असेल, तर प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. थर्मोस्टॅट अडकलेला ओव्हन तुमच्या पाठीमागे काही मिनिटांत शीट जाळू शकतो. मागचा पत्रा उघडून कॉइल किंवा थर्मोस्टॅट बदलणं मी स्वतः करत नाही, तुम्हीही करू नका.

होल्स्टर करत असाल तर साचा म्हणून खरं शस्त्र वापरू नका, त्या मापाचा धातूचा किंवा रेझिनचा साचा वापरा. ट्रिगरभोवतीचा भाग मऊ पडला असेल, चकचकीत पातळ झाला असेल किंवा तिथे पांढुरके चरे असतील तर ते होल्स्टर पुन्हा तापवून वाचवू नका. कापून टाका. शस्त्र त्यात कितपत घट्ट बसतं आणि ट्रिगरला कुठे स्पर्श होतो का, हे शस्त्रांचं प्रशिक्षण घेतलेल्या कारागिराकडूनच तपासून घ्या. म्यानाला मी तीनदा तापवण्याची मुभा देते, होल्स्टरला दोनदाच.

ओव्हन दुरुस्त होऊन परत आला की लगेच कामाची शीट आत घालू नका. नऊ पट्ट्या पुन्हा कापा. नवी कॉइल जुनीसारखी तापत नाही, आणि आधीचा नकाशा त्या दिवसापासून चालत नाही.